शिवी कुणाला लागते

तासाभराच्या एकपात्री नाटकात साधारण चाळिसाव्या मिनिटाला तो नट 'स्कॅब' हा शब्द उच्चारायचा. त्याआधी थांबायचा. टेबलावरचा चहाचा मग दोन बोटांनी जरासा बाजूला सरकवायचा आणि कुणाकडेही न बघता, जवळजवळ स्वतःशीच म्हणायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. प्रेक्षागृहात मात्र काहीच झालं नाही. तिसऱ्या रांगेत कुणीतरी पाण्याची बाटली उघडली, तेवढाच आवाज.

तेच प्रेक्षक त्याआधी चाळीस मिनिटं खदखदून हसत होते.

मॅनहॅटनमधलं हे शंभरापेक्षा कमी खुर्च्यांचं नाट्यगृह. नोकरी सांभाळून महिन्यातले काही दिवस मी तिथे डोअरकीपरचं काम करते. पगार नाही, बदल्यात नाटक फुकट बघायला मिळतं. तिकिटं बघायची, कार्यक्रमपत्रिका हातात द्यायची, उशिरा आलेल्यांना योग्य क्षणी टॉर्च दाखवत आत न्यायचं. मग शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं. तिथून रंगमंच तिरका दिसतो, पण प्रेक्षकांच्या पाठी अगदी सरळ दिसतात. हसणारी पाठ, आखडलेली पाठ, झोपलेली पाठ मला आता लांबून ओळखता येते. त्या नटाचे बारा प्रयोग झाले. त्यातल्या पाचांना मी होते, आणि पाचही वेळा मी नाटकापेक्षा त्या पाठीच जास्त पाहिल्या.

नट इंग्लंडमधल्या बार्न्झलीचा. यॉर्कशर परगण्यातलं हे एकेकाळचं खाणकामगारांचं गाव. संहिता त्याचीच, विषय त्याचे वडील. वडील कोळशाच्या खाणीत होते. मार्च १९८४ मध्ये ब्रिटनमधल्या खाणकामगारांचा जो मोठा संप सुरू झाला आणि मार्च १९८५ मध्ये हरून मोडला, त्या वर्षभरात त्या घरात काय घडलं, एवढीच गोष्ट. आईचं स्वयंपाकघर, सूपचे डबे, चुलीसाठी खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यातून वेचून आणलेला कोळसा. विनोदी असं त्यात थोडंच होतं.

आणि तरी पहिलं हसू पहिल्या वाक्यालाच आलं. तो म्हणाला होता इतकंच, की त्या दिवशी फार थंडी होती. 'ब्लडी कोल्ड'. त्याच्या तोंडी तो 'ब्लुडी' होता, उकार स्पष्ट, जसा इंग्लंडच्या उत्तरेला असतो. अख्खं प्रेक्षागृह सैल झालं, पाठी खुर्च्यांना टेकल्या. आता छान वेळ जाणार, असा तो सुस्कारा होता. मग प्रत्येक 'ब्लडी'ला, प्रत्येक 'बगर'ला, प्रत्येक 'बास्टर्ड'ला हशा. बापाने पोराला 'यू डॅफ्ट बगर' म्हटलं, तेव्हा तर टाळी पडली. 'बगर'चा कोशातला अर्थ घाणेरडा आहे, पण त्या खाणीतून आलेल्या बापाच्या तोंडी तो कोल्हापूरकडच्या बापाच्या 'येडझव्या'इतकाच जवळचा. पोराला हात लावायला संकोचणाऱ्या माणसाचं ते कुरवाळणं होतं. नटाने ते वाक्य अगदी हळू, डोळ्यांत पाणी ठेवून घेतलं होतं. त्यावर हशा पडला.

पन्नासाव्या मिनिटाला उलटं झालं. वडिलांच्या अंत्ययात्रेत एक जुना मित्र नायकाच्या गळ्यात हात टाकतो आणि म्हणतो, तू बापासारखाच भला... आणि पुढे तो शब्द, 'सी' अक्षराने सुरू होणारा, बाईच्या अवयवाचं नाव असलेला. ब्रिटनमध्ये जुने दोस्त एकमेकांना तो शब्द असा म्हणू शकतात, त्यात माया असू शकते. न्यूयॉर्कमधलं ते प्रेक्षागृह क्षणात गोठलं. पाठी ताठ झाल्या. एक बाई उठल्या, पर्स छातीशी धरून पायऱ्या चढू लागल्या. मी उठून त्यांच्या पावलांपुढे टॉर्च धरला. प्रकाशाच्या वर्तुळात त्यांचे बूट थरथरताना मला दिसले. मी त्यांना दोष देत नाही. अमेरिकेत हा शब्द बाईला अगदी शेवटचा घाव म्हणून मारला जातो, आणि तो कुणी कधी त्यांनाही मारला असेल. नटाला तिथे लाड अभिप्रेत होता, बाईंना घाव बसला, आणि दोघंही आपापल्या जागी खरे होते.

पण 'स्कॅब'ला काहीच झालं नाही, हे मला पाचही दिवस छळत राहिलं. संप फोडून कामावर जाणारा तो स्कॅब. बार्न्झलीच्या आसपासच्या गावांत त्या वर्षाने भावाला भावापासून तोडलं, आणि तो शब्द ज्याला लागला त्याला पुढे पबमध्ये कुणी शेजारी बसू दिलं नाही. त्या मुलुखात यापेक्षा वाईट शिवी नाही. तो कुठल्याही घाणेरड्या शब्दांच्या यादीत नाही, शाळेच्या शब्दकोशात बिनदिक्कत छापलेला असतो.

माझ्या पोटात गोळा का आला, तेही सांगते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझे काका लालबागमध्ये राहत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगारांतले एक. पुढच्या वर्षी ते कुडाळजवळच्या आमच्या गावी परत आले, एक ट्रंक आणि एक छत्री घेऊन. त्याच वाडीतला दुसरा एक जण लपून गिरणीत जायला लागला, अशी बातमी आली. माझी आजी एरवी शिव्यांशिवाय वाक्य पुरं न करणारी बाई. तिने भाकरी थापता थापता हात थांबवला आणि फक्त म्हणाली, "संपफोडो." शिवी नाही, आवाज चढलेला नाही. मग पुन्हा भाकरी.

*

शब्दात विष असतं की ऐकणाऱ्याच्या कानात, याचा निकाल इंग्रजी रंगभूमीवर एकदा भर थिएटरात लागला होता. ११ एप्रिल १९१४, लंडनचं हिज मॅजेस्टीज थिएटर. बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन'. फुलं विकणाऱ्या एलायझाला प्रोफेसर हिगिन्सने उच्चभ्रू उच्चार शिकवलेत आणि तिसऱ्या अंकात ती पहिल्यांदा दिवाणखान्यातल्या मंडळींसमोर बसली आहे. चालत जाणार का, असं कुणी विचारतं आणि ती त्या घासूनपुसून लख्ख केलेल्या उच्चारात उत्तर देते, 'नॉट ब्लडी लाइकली'. मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांनी ते वाक्य म्हटलं आणि थिएटर मिनिटभराहून जास्त वेळ हसत राहिलं, अशी नोंद आहे. वर्तमानपत्रांत त्यावर रकानेच्या रकाने भरले.

यात महत्त्वाचं काय, तर शिवी नव्हे. तीच एलायझा तोच शब्द पहिल्या अंकात बाजारातल्या आपल्या कॉकनी, म्हणजे लंडनच्या गरीब वस्तीतल्या, बोलीत म्हणाली असती तर कुणी मान वळवली नसती, फुलवाल्या तसंच बोलतात अशी खात्री होती. दचकवलं ते उच्चार आणि शब्द यांच्या गाठीने. साहेबी गळ्यातून गल्लीतला शब्द आला. ब्रिटिश प्रेक्षकाला माणसाच्या पहिल्या दोन स्वरांत त्याचं गाव, बापाचा धंदा आणि शाळा ऐकू येते. तो कान जन्माने मिळतो.

त्याच वर्षी मिसेस कॅम्बेल ते नाटक घेऊन न्यूयॉर्कला आल्या. 'ब्लडी' या शब्दाला अमेरिकेत कधीच धार नव्हती. तिथे तो 'इंग्रज लोक म्हणतात तो शब्द' एवढाच होता आणि आजही आहे. पुढे अमेरिकन मंडळींनी याच नाटकाचं संगीतरूप केलं, 'माय फेअर लेडी', ब्रॉडवेवर १५ मार्च १९५६ पासून. तेव्हा तो प्रसंग त्यांनी घोड्यांच्या शर्यतीवर नेला आणि 'ब्लडी' काढून एलायझाच्या तोंडी घोड्याच्या ढुंगणाचा उद्धार घातला, कारण ढुंगण दोन्ही किनाऱ्यांवर सारखंच कळतं. ब्रिटनमध्येही एव्हाना 'ब्लडी' बोथट झाला होता. शब्द बदलावा लागला, गाठ मात्र तीच ठेवावी लागली.

पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' लिहिताना हे अचूक ओळखलं होतं, असं मला वाटतं. त्यांनी कॉकनीचं भाषांतर केलं नाही. आपल्याकडे कुठल्या बोलीने बोलल्यावर माणूस खालचा ठरतो ते पाहिलं आणि मंजुळेला तिथून उभी केली. १९७५ मध्ये भक्ती बर्व्यांच्या मंजुळेला हसणाऱ्या प्रेक्षकाला आपण कुणाला हसतोय ते नक्की माहीत होतं, म्हणून ती उलटून बोलली की त्याला लागतही असे.

अमेरिकन कानाची यादी वेगळी आहे. जॉर्ज कार्लिन या विनोदवीराने १९७२ मध्ये टीव्हीवर कधीही म्हणता येणार नाहीत असे सात शब्द रंगमंचावरून मोजून म्हणून दाखवले. त्याच वर्षी मिलवॉकीला ते म्हटल्याबद्दल त्याला अटक झाली, आणि त्याच विषयावरचा त्याचा एक भाग न्यूयॉर्कच्या रेडिओ केंद्राने लावला तेव्हा प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की सरकारी आयोग प्रक्षेपणावर असे निर्बंध घालू शकतो. त्या सात शब्दांत 'ब्लडी' नाही, 'बगर' नाही, 'बोलॉक्स' नाही, 'वँकर' नाही. 'वँकर' (शब्दशः हस्तमैथुन करणारा) याचं तर असं झालं, की 'मॅरीड विथ चिल्ड्रन' या अमेरिकन मालिकेत नायकाच्या बायकोचं माहेरचं आडनावच वँकर ठेवलं होतं आणि ती विस्कॉन्सिनमधल्या वँकर परगण्यातली. घराघरांत दिसणाऱ्या वाहिनीवर ते वर्षानुवर्षं चाललं. लंडनच्या घरात आईसमोर तो शब्द कुणी सहज उच्चारणार नाही.

रंगमंचाला हे प्रक्षेपणाचे नियम लागू नाहीत, म्हणून नाटकात सगळंच चालतं. ब्रिटनमध्ये उलट होतं. १७३७ पासून १९६८ पर्यंत राजदरबारातल्या लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीने परवानगी दिल्याशिवाय तिथे नवं नाटक सार्वजनिक रंगमंचावर येतच नसे. (त्याच इंग्रजांनी १८७६ मध्ये आपल्याकडे नाटकांवर कायदा आणला. त्यांच्याकडची कचेरी गेली, महाराष्ट्रात मात्र संहिता आजही परीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते.) आणि डेव्हिड मॅमेटचं 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस', शिकागोच्या जमीनविक्यांच्या तोंडची अमेरिकन शिवराळ भाषा ज्यात ओळीओळीला आहे, ते जगात पहिल्यांदा सादर झालं लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये, सप्टेंबर १९८३ ला. अमेरिकेत ते नंतर आलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. परक्याची शिवी दोन्ही बाजूंना संगीतासारखी ऐकू येते.

*

आमच्या नाट्यगृहातून घरी जाताना कधी कधी मी अ‍ॅस्टर प्लेसला ६ नंबरची गाडी पकडते. त्या स्टेशनाच्या भिंतींवर बीव्हर या प्राण्याची चिनीमातीची चित्रं बसवलेली आहेत, कारण अ‍ॅस्टर घराण्याचा पैसा त्याच्या कातड्याच्या व्यापारातून आला. वर रस्त्यावर जिथे अ‍ॅस्टर प्लेस ऑपेरा हाउस होतं तिथे आता त्याची वीटही नाही. पण अमेरिकन प्रेक्षकाने ब्रिटिश उच्चाराला दिलेली सगळ्यात मोठी दाद इथे दिली गेली आहे, आणि ती दगडांची होती.

१८४९. विल्यम मॅक्रेडी हा इंग्रज नट 'मॅकबेथ' करत होता. संयत, विचारी, बांधेसूद. त्याचा प्रतिस्पर्धी एडविन फॉरेस्ट, अस्सल अमेरिकन, भरदार छातीचा, आवाजाने थिएटर हलवणारा. दोघांचं वैर जुनं. १८४६ मध्ये एडिंबरोला मॅक्रेडीच्या हॅम्लेटला प्रेक्षागृहात बसून फॉरेस्टने उघड हिणवलं होतं. ७ मे ला मॅक्रेडी अ‍ॅस्टर प्लेसच्या रंगमंचावर आला तेव्हा अंडी, बटाटे आणि शेवटी खुर्च्या येऊन पडल्या. तो परत जायला निघाला. वॉशिंग्टन अर्व्हिंग आणि हर्मन मेल्व्हिल यांच्यासारख्या लेखकांनी सही करून पत्र दिलं, की थांबा, पुन्हा प्रयोग करा. १० मे ला प्रयोग लागला. या शहरावर अमेरिकनांनी राज्य करायचं की इंग्रजांनी, असं विचारणारी पत्रकं शहरभर लागली. हजारोंचा जमाव, दगडफेक, मग सैनिकांनी गोळीबार केला. किमान २२ माणसं मेली. एका नाटकाच्या प्रयोगापायी.

पण हे देशप्रेमाचं भांडण म्हणून सांगितलं की अर्धीच गोष्ट होते. त्या ऑपेरा हाउसमध्ये जायचं तर गुळगुळीत दाढी आणि हातात उंची कातडी मोजे हवेत, असा दंडक होता. बाहेर उभे होते ते जवळच्या बावरी वस्तीतले कामगार. मॅक्रेडीच्या तोंडच्या प्रत्येक स्वरात त्यांना साहेब ऐकू येत होता, त्यांचा स्वतःचा न्यूयॉर्कमधला साहेब. खुर्च्या फेकण्याचं समर्थन मी करणार नाही. मेलेल्यांत नुसते बघे होते. पण त्यांनी उच्चार नीट ऐकला होता. त्यातला दर्जा त्यांना ऐकू आला होता.

आज तो ऐकू येत नाही, इतकं माझं म्हणणं आहे. मधल्या काळात अमेरिकेनेच आपल्या नटांना वर्षानुवर्षं 'र' गिळायला शिकवलं. एडिथ स्किनर यांचं १९४२ चं पुस्तक अभिनयशाळांतून घोटून घेतलं जाई, आणि त्यात 'चांगलं बोलणं' म्हणजे इंग्लंडच्या दिशेने झुकलेलं बोलणं. १९७१ पासून सार्वजनिक दूरचित्रवाणीवर रविवारच्या रविवार ब्रिटिश हवेल्या आणि बटलर येऊ लागले. हळूहळू सगळ्या ब्रिटिश बोलींचा मिळून एकच 'ब्रिटिश अ‍ॅक्सेंट' झाला आणि त्याचा अर्थ ठरला शिक्षण, चहा, जुने पैसे. लिव्हरपूलचा गोदीकामगार असो नाहीतर ऑक्सफर्डचा प्राध्यापक, दोघंही त्या एका पेटीत.

मग त्या पेटीतून शिवी आली की गंमत वाटते. ब्रिटिश विनोदकार एडी इझार्ड यांनी १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला केलेला प्रयोग मी चित्रफितीवर कितीदा पाहिलाय. 'हर्ब' शब्दातला 'ह' अमेरिकन लोक गाळतात, आम्ही उच्चारतो, कारण तिथे 'ह' आहेच, असं त्या म्हणतात, आणि 'ह'च्या आधी एफची शिवी अशी ठासतात की प्रेक्षागृह कोसळतं. तिथे नट स्वतःच आपल्या उच्चाराचा भाव जाणून तो उधळतो आहे. हसू ज्याचं त्याला पोचतं. ते मला मनापासून आवडतं.

मला त्रास होतो तो दुसऱ्या हशाचा. २०११ मध्ये म्युझिक बॉक्स थिएटरला मी 'जेरुसलेम' पाहिलं, जेझ बटरवर्थ यांचं. मार्क रायलन्स यांनी त्यात जे केलं त्याला टोनी मिळालं आणि दहा मिळायला हवी होती. रंगमंचावर खरी झाडं, खऱ्या कोंबड्या, विल्टशरच्या रानात मोडक्या फिरत्या घरात राहणारा जॉनी 'रूस्टर' बायरन, आणि त्याला हुसकावायला नोटीस घेऊन आलेले नगरपालिकेचे अधिकारी. सगळे अखंड शिव्या देतात. बायरनचं बोलणं हे इंग्लंडात शेतमजुराचं, अडाण्याचं बोलणं मानतात. नाटकांतल्या आणि टीव्हीवरच्या विदूषकांना तेच बोलणं दिलं जातं. माझ्या शेजारचं जोडपं पहिले दोन अंक डोळे पुसून हसलं. मध्यंतरात त्यातल्या बाई म्हणाल्या, किती सुंदर बोलतो हा, राजासारखा. मी गप्प बसले. तिसऱ्या अंकात बायरनला मारून रक्तबंबाळ करून ठेवतात, तेव्हा त्या गोंधळून गेल्या. त्यांना कळत नव्हतं, की राजाला हे कसं झालं.

चित्रपटाला यातून पळवाट आहे. केन लोचच्या 'रिफ-रॅफ'ला अमेरिकेत इंग्रजीवरच इंग्रजी शब्दपट्टी लावली होती. 'ट्रेनस्पॉटिंग'च्या सुरुवातीचे संवाद अमेरिकेसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केले होते. नाटकातला नट काय करणार? एका रात्री खुर्च्यांखालचे कागद वेचताना मी आमच्या बार्न्झलीकराला हेच विचारलं. तो रंगमंचाच्या कडेवर पाय सोडून बसला होता. म्हणाला, इथे आल्यावर बोलण्याचा वेग कमी केला, नाहीतर कळत नाही. आणि 'दा' कमी केले. त्यांच्याकडे अजून जुनी माणसं 'यू' न म्हणता 'दा' म्हणतात. इंग्रजीने जो 'तू' टाकून दिला, तो त्या कोळसापट्ट्यात उरला आहे. बाप त्याला आयुष्यभर तूच म्हणाला. न्यूयॉर्कमध्ये लोकांना तो शेक्सपिअर वाटतो, म्हणून त्याने बऱ्याच जागी 'यू' केला. "म्हणजे इथे रोज माझा बाप मला अहो-जाहो करतो," असं काहीसं तो म्हणाला, आणि मग बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत बसला.

*

मला हे इतकं का लागतं, ते माझ्या आजीमुळे.

आजी काकांना हाक मारायची ती "रांडेच्या" अशी. "रांडेच्या, जेवल्याशिवाय निजलंस तर बग." पन्नाशीच्या काकांनाही तेच. गावात ही हाक घराघरांतून ऐकू येई, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मला मोठी झाल्यावर कळलं, की जुन्या मराठीत रांड म्हणजे आधी विधवा. आजी सव्विसाव्या वर्षी विधवा झाली तेव्हा काका सहा महिन्यांचे होते. तो शब्द गावाने तिच्या तोंडावर फेकला होता. तिने तो उचलला आणि आपल्या मुलाला दिला, रोज, जेवायच्या वेळी. ती त्याला फक्त खरं तेच म्हणत होती.

मी अकरावीला पुण्याला गेले, मुलींच्या वसतिगृहात. तोवर गवाणकरांचं 'वस्त्रहरण' सगळ्यांनी पाहिलेलं होतं. १९८० पासून मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला मुंबई-पुण्याच्या रंगमंचावर जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे. आमची भाषा भरल्या थिएटरात छाती काढून उभी राहिली. पण त्याचा एक परिणाम असा, की खोलीवरच्या मुली मला रात्री म्हणायच्या, "ए, शिव्या दे ना एखादी. तुमच्यात शिव्यासुद्धा किती गोड वाटतात." मी आजीची हाक म्हणून दाखवायचे. उशा तोंडात धरून त्या हसायच्या. प्रेमाने हसायच्या, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वसतिगृहाच्या कार्यालयात माझ्यासाठी फोन आला. काका होते. आजी गेली होती. काकांशी मी मालवणीतच बोलणार, दुसरी भाषा आमच्यात नव्हतीच. "कधी गेली? कोण होता वांगडा? तिका पाणी कोणी दिला?" मी रडत होते, आवाज चढला होता. मागे फोनच्या रांगेत पाच-सहा मुली उभ्या होत्या. माझी पाठ त्यांच्याकडे होती. त्यांना फक्त बोली ऐकू आली, आणि त्या खुदखुदल्या.

मी वळले तेव्हा त्यांना कळलं. त्यातली एक धावत येऊन मला बिलगली, पुढे तीच माझी जन्माची मैत्रीण झाली. पण ते खुदखुदणं माझ्या कानात जे बसलं ते बसलं. 'डॅफ्ट बगर'ला हशा पडला, की मला ते कार्यालय आठवतं, फोनची काळी वायर आठवते.

*

शेवटच्या प्रयोगाला पाऊस होता, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ एकटाच आला होता, ओला रेनकोट मांडीवर घडी करून. पाचव्या रांगेत, कडेला, माझ्यापासून चार हातांवर. बाकीचे 'ब्लडी'ला हसले, तो हसला नाही. 'डॅफ्ट बगर'ला त्याने मान खाली घातली. चाळिसाव्या मिनिटाला चहाचा मग सरकला, शब्द आला, आणि त्या माणसाची पाठ खुर्चीवरून सुटली. कुणी मागून धक्का द्यावा तशी. उरलेलं नाटक त्याने पुढच्या खुर्चीची कड धरून पाहिलं.

प्रयोग संपल्यावर तो लगेच गेला नाही. बाहेरच्या दालनात रेनकोटची बटणं लावत उभा राहिला. मी रिकाम्या ट्रेमध्ये कार्यक्रमपत्रिका गोळा करत होते. त्याने आपली परत दिली आणि स्वतःहून सांगितलं, की तो पिट्सबर्गजवळचा, वडील पोलादाच्या कारखान्यात होते. त्यांच्या गल्लीत एका दाराकडे कुणी बघायचं नाही असं ठरलेलं होतं. का, ते त्याने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. मग जरा वेळाने म्हणाला, बाप मला 'जॅगऑफ' म्हणायचा. अगदी याच आवाजात. ही पिट्सबर्गकडची शिवी.

"तुमच्याकडे असं काही म्हणतात?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. अर्थही सांगितला, विधवेचा मुलगा, आणि हेही सांगितलं की म्हणणारी स्वतःच विधवा होती.

तो हसला नाही. त्याने तो शब्द सावकाश दोनदा म्हणून पाहिला. 'ड' त्याला जमेना, दोन्ही वेळा जीभ दातांवरच आपटली. तिसऱ्यांदा मी हळूहळू म्हटला आणि त्याने माझ्या ओठांकडे बघत तो माझ्यामागून म्हटला. मग टोपी घातली आणि पावसात गेला.